दुसऱ्यांदा रेडिएशन: बाबांची जुनी फाइल शोधताना

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती कमी केली आहे.)

मी खांदा कॉलनीतून बोलतोय. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, स्टुडिओ म्हणजे आमची बेडरूमच आहे.

आजचा विषय थोडा जड आहे. कॅन्सर परत आला आणि त्याच जागी आधी रेडिएशन झालेलं असेल, तर पुन्हा देता येतं का? मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात आला, आणि तो अर्धा वैद्यकीय आणि अर्धा डेटाचा निघाला. म्हणून बोलतोय.

बाबांना चार वर्षांपूर्वी रेक्टमचा, म्हणजे गुदाशयाचा कॅन्सर झाला. पंचवीस दिवस रेडिएशन, सोबत गोळ्या, मग ऑपरेशन. सगळं नीट पार पडलं. मग गेल्या वर्षी रक्तातली सीईए ही तपासणी वाढलेली आली आणि माकडहाडाजवळ दुखायला लागलं. बाबांना बसवत नव्हतं. लोकलमध्ये जागा रिकामी असली तरी ते दाराजवळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "वारा बरा लागतो." एमआरआयमध्ये कळलं की गाठ परत आलीय, माकडहाडाच्या वर जे त्रिकास्थी असतं त्याला चिकटून.

माझा पहिला प्रश्न होता, "पुन्हा रेडिएशन द्या ना!" डॉक्टर म्हणाल्या, "देता येईल कदाचित. पण आधी मला पहिला हिशेब हवा."

हिशेब कसला, ते सांगतो. रेडिएशन ग्रे या एककात मोजतात. बाबांना रोज २ ग्रे, असे २५ दिवस, म्हणजे ५० ग्रे मिळाले होते. गाठीच्या आजूबाजूला लहान आतडं, मूत्राशय, हाडं, नसा असतात. त्यांनीही त्यातला काही डोस घेतलेला असतो आणि तो शरीर पूर्णपणे विसरत नाही. काळ गेला की काही प्रमाणात भरून निघतं. म्हणूनच दोन उपचारांमध्ये किती अंतर गेलं हे डॉक्टर आधी विचारतात. पण खातं शून्यावर येत नाही.

दुसरी गंमत म्हणजे इथे साधी बेरीज चालत नाही. रोजचा डोस मोठा असेल तर निरोगी भागाला उशिरा होणारी इजा जास्त असते. उदाहरण घ्या. गुदाशयासाठी एक छोटा कोर्सही असतो, ५ ग्रेचे पाच दिवस. एकूण फक्त २५. पण नेहमीच्या सूत्राने निरोगी भागासाठी तो रोज २ ग्रेने दिलेल्या ४० ग्रेएवढा भरतो. म्हणजे नुसतं "एकूण किती" विचारून भागत नाही, "किती वेळा आणि एका वेळी किती" हेही लागतं.

हेच उलटं वापरतात दुसऱ्या वेळी. एका वेळचा डोस लहान करायचा आणि दिवसातून दोनदा द्यायचा, मध्ये किमान सहा तास सोडून, म्हणजे निरोगी पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो. २००६ साली इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परत आलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरचे ५९ रुग्ण, प्रत्येक वेळी १.२ ग्रे, दिवसातून दोनदा, एकूण ४०.८ ग्रे, सोबत केमो. त्याच सूत्राने मी गणित केलं. हा डोस निरोगी भागाला साधारण ३४ ग्रेसारखा लागतो आणि गाठीला ३८ सारखा. फरक चारचा, पण याच फटीतून हा उपचार उभा राहतो.

आता आमची अडचण. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती: "पेल्विक रेडिएशन, ५० ग्रे, पूर्ण." पण ५० ग्रे नेमके कुठे? आतड्याच्या कोणत्या भागाला किती? ते त्या ओळीत नाही. ते असतं कॉम्प्युटरमध्ये. प्लॅनिंगचं सीटी स्कॅन, अवयवांच्या आखलेल्या सीमा, मशीनचा प्लॅन आणि डोसचा नकाशा, अशा चार प्रकारच्या फाइल असतात, डायकॉम फॉरमॅटमध्ये.

पहिल्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिथे सांगितलं की सिस्टीम बदलली, जुना डेटा बॅकअपला आहे, नंतर या. दोनदा हेलपाटे झाले. मग मी "रिपोर्ट द्या" म्हणणं सोडलं आणि चारही फाइलींची नावं लिहून ईमेल केला: डायकॉम सीटी, आरटी स्ट्रक्चर, आरटी प्लॅन, आरटी डोस. नाव बरोबर सांगितल्यावर काम हललं. अकरा दिवसांनी सीडी मिळाली. त्या अकरा दिवसांत बाबांची वेदनेची गोळी दोनदा वाढवावी लागली. ते मी विसरलेलो नाही.

फिजिसिस्टने जुना डोस नव्या स्कॅनवर बसवून दाखवला. मला थेट मर्ज कॉन्फ्लिक्ट आठवला. ऑपरेशननंतर शरीराची रचना बदललेली, आतड्याचा एक वेढा खाली उतरून गाठीच्या शेजारी येऊन बसलेला. तो दिसला म्हणून प्लॅन त्या बाजूने आखडता घेतला.

डॉक्टरांनी धोकेही लपवले नाहीत. आतडं अडकणं, छिद्र किंवा फिस्टुला होणं, मूत्रनलिका आकसणं, हाड ठिसूळ होणं. अन्ननलिकेत दुसऱ्यांदा दिलं तर ती फाटण्याचा किंवा श्वासनलिकेशी जोडली जाण्याचा धोका. यकृतात प्रश्न असतो की निरोगी यकृत किती शिल्लक आहे. म्हणून हा उपचार सगळ्यांसाठी नाही.

आम्हाला खारघरला जायचं होतं. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, दोनच स्टेशनं. सकाळी एक, संध्याकाळी एक, असे १७ दिवस, ३४ वेळा. प्रत्येक वेळी मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे आतडं वर सरकतं. बाबा बाटली दाखवून म्हणायचे, "पाणी पिऊन पिऊन मी टाकी झालोय."

खारघर म्हटल्यावर अनेक जण प्रोटॉनबद्दल विचारतात. टाटा मेमोरियल सेंटरच्या तिथल्या अ‍ॅक्ट्रेकमधलं हॅड्रॉन बीम केंद्र ११ मे २०२३ रोजी देशाला समर्पित झालं. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे गाठीच्या पलीकडे डोस जवळपास जात नाही. दुसऱ्यांदा रेडिएशन देताना हे कामाचं ठरू शकतं. पण आतडं हलतं, गॅसने फुगतं, त्यामुळे प्रत्येकाला उपयोग होईलच असं नाही. आम्हाला साधंच मशीन पुरेसं आहे असं सांगितलं.

सात आठवड्यांनी एमआरआय झाला. गाठ लहान झाली होती. सर्जन म्हणाले, ऑपरेशन शक्य आहे, पण हाडाचा भाग आणि मूत्राशय काढावं लागेल. गाठ पूर्ण निघाली तर बरं होण्याची खरी संधी तिथेच. मी हो म्हणत होतो. बाबा नाही म्हणाले. आमचं भांडण झालं, दोन दिवस आम्ही बोललो नाही. मग आई म्हणाली, "शरीर त्यांचं आहे ना रे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर आज बाबा बरे झालेत असं मी म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि त्या आठवड्यात मला झोप लागत नाही. पण ते टेबलावर बसून जेवतात. परवा लोकलमध्ये मला न विचारता खिडकीची जागा पकडली.

तुमच्या घरात कुणाचं रेडिएशन चालू असेल, तर ते संपायच्या दिवशीच त्या चार फाइल मागून घ्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर. आणि पुन्हा द्यायची वेळ आली तर तीन प्रश्न विचारा: हे बरं करण्यासाठी आहे की दुखणं कमी करण्यासाठी? सगळ्यात वाईट काय होऊ शकतं? आणि हे केलं नाही तर दुसरा मार्ग कोणता? चौथा प्रश्न मी विचारायला विसरलो होतो, तो पेशंटलाच विचारायचा असतो: तुम्हाला काय हवंय?

चला, कुकर झाला. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.