चौथी खेळाडू



लग्नानंतर मी जळगाव सोडलं. यजमान नौदलात, बदली विशाखापट्टणमला. तिथे अधिकाऱ्यांच्या बायका दुपारी माहजाँग खेळत. मला ना धड इंग्रजी येई, ना तो खेळ. मी लांबून बघायची.

एके दिवशी एक जण आली नाही. या खेळाला चौघी लागतात. "तुम्ही बसा, आम्ही शिकवतो," त्यांतल्या मोठ्या बाई म्हणाल्या. खेळ मूळचा चिनी. छोट्या विटांसारख्या 144 सोंगट्या. त्यांवर बांबू, वर्तुळं, चिनी अक्षरं, वारे, ड्रॅगन, फुलं. प्रत्येकीला 13 मिळतात. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जुळली की डाव आपला. महिनाभर मी हरतच होते, पण कुणी हसलं नाही.

त्या टेबलाशी मला आपली नववी आठवली. धुळ्याहून आलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत आमच्या सागरगोट्यांपाशी उभी राहून म्हणायची, "माले बी खेळू द्या ना." तिच्या अहिराणीला आम्ही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने मी. खरं तर माझ्या आजीची बोलीही तीच! वर्षभर आम्ही तिला खेळायला घेतलं नाही.

आज ती समोर बसली आहे. मैत्रिणी, सगळ्यांदेखत तुझी माफी मागते. माहजाँगचा संच मी सोबत आणलाय. भरीत-पुरीचं जेवण झालं की डाव मांडू. आणखी दोघी शोधू. पहिली जागा तुझी.