औषधाचे मोती

गेल्या वर्षीं डोंबिवलीहून मी कल्याणास वडील बहिणीकडे गेलों होतों. रक्तदाबाची गोळी तिला गिळवेना, म्हणून मीं ती खलांत कुटून मधांतून दिली. थोड्याच वेळांत तिला घेरी आली. सुदैवानें ती सावरली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, दिवसभराचें औषध आपण एकदम दिलेंत!" गोळी सावकाश विरघळणारी होती.

हा विलंब साधतात कसा? एक सोपा प्रकार पाहा. समुद्रांतील तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट हा चिकट पदार्थ मिळतो. स्टॅनफर्ड ह्या रसायनज्ञानें तो १८८१ सालीं प्रथम वेगळा केला. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणांत औषध मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत सोडले, कीं कॅल्शियम त्याच्या लांब साखळ्या एकमेकींस जखडतें आणि थेंबाचा भिजल्या साबुदाण्यासारखा मोती बनतो. जठराच्या आम्लांत तो आक्रसतो. आंतड्यांत पोंचतांच फुगतो, झिजतो व औषध हळूहळू सोडतो. मात्र पाण्यांत सहज विरघळणारें औषध मोती बनतांनाच निसटूं पाहतें. संशोधकांची कसोटी तेथें लागते.

बहिणीच्या गोळींतील द्रव्य निराळें असेल, पण हेतु तोच. म्हणून डॉक्टरांस वा औषधविक्रेत्यास विचारल्यावांचून गोळी कुटूं नका. वेष्टनावर 'एस्. आर्.' किंवा 'एक्स्. आर्.' अशीं अक्षरें असल्यास विशेष जपा.