सायकल शर्यत आणि गटाची योग्य निवड



भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील खेड्यापाड्यांत सायकल ही आजही नित्य उपयोगाची वस्तू आहे. म्हणूनच सायकल शर्यत जाहीर झाली की नावे नोंदविणाऱ्या मुलामुलींचा तोटा पडत नाही. तोटा असतो तो एका विचाराचा : कोणी कोणत्या गटात धावावे ?

कुस्तीच्या दंगलीत जोड पाहूनच कुस्ती लावली जाते. नवख्या पोराला कसलेल्या मल्लापुढे उभे करण्यास कोणताही जाणता पंच तयार होणार नाही. सायकल शर्यतीत मात्र "सर्वांसाठी खुली" असा एकच गट ठेवला, तर साध्या काळ्या सायकलीवरील शाळकरी मुलगा आणि नित्य सराव करणारा सायकलपटू एकाच रेषेवर उभे राहतात. पहिला मुलगा दोन-तीन किलोमीटरांतच मागे पडतो आणि पुन्हा शर्यतीकडे फिरकत नाही. अशा रीतीने एक होतकरू खेळाडू पहिल्याच दिवशी गमावला जातो.

गट पाडण्याची प्रचलित कसोटी वय ही आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 व 19 वर्षांखालील असे गट असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करून येणारे वय धरतात आणि 17 व 18 वर्षांच्या स्पर्धकांना ज्युनियर समजतात. लहान मुलांच्या संरक्षणासाठी ही कसोटी आवश्यकच आहे; परंतु ती पुरेशी नाही. रोज दहा किलोमीटर सायकल हाकून शाळेत येणारा मुलगा आणि शाळेच्या शेजारी राहणारा त्याचा वर्गमित्र एकाच वयाचे असले, तरी एकाच ताकदीचे नसतात. म्हणून कित्येक देशांत हौशी सायकलपटूंची श्रेणी कामगिरीवरून ठरविली जाते. ब्रिटनमध्ये नवा स्पर्धक चौथ्या श्रेणीत प्रवेश करतो आणि शर्यतींत गुण मिळवीत वर चढतो. चौथीतून तिसरीत जाण्यास 12 गुण आणि तिसरीतून दुसरीत जाण्यास 40 गुण, अशी पद्धत तेथे अनेक वर्षे रूढ झालेली आहे.

वेगातील फरक दिसतो तेवढा लहान नसतो, हे शिक्षकांनी मुलांना गणिताने समजावून द्यावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 25 किलोमीटरवरून 30 वर जाण्यास केवळ हवेपुरती पाहता सुमारे पावणेदोन पट शक्ती लागते. पाच किलोमीटरांचा हा फरक जिद्दीने एका दिवसात भरून निघत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आला की बलवान आणि दुबळे आपोआप वेगळे होतात. अंबागड व गायखुरीच्या टेकड्या सोडल्या, तर वैनगंगेचे खोरे बव्हंशी सपाट आहे. सपाट रस्त्यावर दुसऱ्याच्या पाठीशी लागून चालणाऱ्या स्वाराचे श्रम पाव ते एक-तृतीयांश इतके कमी होतात. त्यामुळे कच्चा स्वारही बराच वेळ घोळक्यात टिकतो आणि आपण बरोबरीचे आहोत असे त्याला वाटू लागते. पुढे तो थकतो, त्याचे हँडल डगमगते आणि चाकाला चाक लागून त्याच्याबरोबर मागचे चार जण पडतात. म्हणजे, घाटात जी निवड चढण करते, ती येथे आयोजकांनी शर्यतीपूर्वीच केली पाहिजे.

त्यासाठी खर्चाची आवश्यकता नाही. ज्या सायकलीवर शर्यत धावावयाची, तिच्यावरच प्रत्येकाची दहा किलोमीटरांची एकट्याची वेळ घ्यावी. 24 मिनिटे म्हणजे ताशी 25 किलोमीटर आणि 20 मिनिटे म्हणजे ताशी 30 किलोमीटर. 24 मिनिटांहून अधिक वेळ घेणारे नवोदित, 20 ते 24 मिनिटांतील मधल्या गटात आणि त्याहून जलद असणारे वरच्या गटात, अशी विभागणी आरंभासाठी सोयीची होईल. मुलींचे गटही याच रीतीने, त्यांच्या वेळा पाहून, स्वतंत्र पाडावेत. साध्या आणि गिअरच्या सायकली शक्यतो एकत्र धावू नयेत.

केवळ वेळ पाहून मात्र भागणार नाही. सरळ रेषेत चालविणे, रेषा न सोडता मागे वळून पाहणे, एका हाताने पाणी पिणे आणि ब्रेक हळूहळू दाबणे या चार गोष्टी ज्याला साधत नाहीत, त्याची वेळ कितीही चांगली असली तरी त्याने प्रथम खालच्याच गटात धावावे. तसेच शर्यतीचे अंतर सरावात एकदाही पूर्ण न केलेल्याने त्या गटात नाव घालू नये. शंका असेल तेथे खालचा गट निवडावा. त्यात कमीपणा नाही.

याच्या उलट प्रकारही घडू शकतो. बक्षिसाच्या लोभाने तयारीचा स्पर्धक मुद्दाम खालच्या गटात राहतो आणि नवोदितांच्या वाट्याचे यश हिरावून घेतो. यावर उपाय सोपा आहे. खालच्या गटात रोख रकमेऐवजी प्रमाणपत्र व टायर-ट्यूबसारख्या उपयोगी वस्तू द्याव्यात आणि विजेत्याने पुढील शर्यत वरच्या गटात धावावी असा नियम करावा. शाळेने प्रत्येक स्पर्धकाची वेळ व क्रमांक एका नोंदवहीत लिहून ठेवल्यास वाद उरणार नाहीत.

ग्रामपंचायतींची जबाबदारी रस्त्याची आहे. राष्ट्रीय महामार्ग टाळून कमी वर्दळीचा रस्ता निवडावा, पोलिसांची परवानगी घ्यावी, हेल्मेट सक्तीचे करावे. धानाच्या कापणीचा हंगाम ट्रॅक्टरांच्या वर्दळीचा असतो. तो सोडून हिवाळ्यातील सकाळ ठरवावी. प्रत्येक गट काही मिनिटांच्या अंतराने सोडावा.

शर्यतीत पहिला एकच येतो. परंतु योग्य गटात धावलेला शेवटचा स्पर्धकसुद्धा घरी जाताना पुढच्या वर्षीच्या शर्यतीची चौकशी करतो. अशी चौकशी करणारी मुले ज्या गावात वाढतील, त्या गावाची शर्यत यशस्वी झाली असे समजावे.