अणूंची भागीदारी

कोळसा जळतो तेव्हां त्यांतील कार्बनचा हवेंतील प्राणवायूशीं, म्हणजे ऑक्सिजनशीं, संयोग होतो. हवा मुबलक असली तर कार्बन डायॉक्साइड तयार होतो. ती अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही होतो. पहिला वायु आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतों व सोडावॉटरमधून आवडीनें पितों. दुसरा मात्र बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांचा झोपेंतच प्राण घेतो. दोहोंच्या नांवांत भेद काय तो एका उपसर्गाचा. हा उपसर्ग काय सांगतो हें समजण्यासाठीं अणु परस्परांशीं कसे जोडले जातात, तें आधीं पाहिलें पाहिजे.

अणूच्या मध्यभागीं धनविद्युत् असलेलें केंद्रक असतें व त्याभोंवतीं ऋणविद्युत् असलेले इलेक्ट्रॉन असतात. संयोगाच्या कामीं येतात ते सर्वांत बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉन. हें कवच पूर्ण होण्यास हायड्रोजनला दोन, तर कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांना आठ इलेक्ट्रॉन लागतात. उणीव भरून काढण्याचे मार्ग दोन. मिठामध्यें सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो. परंतु दोघेही घेणारेच असले तर? अशा वेळीं ते भागीदारी करतात. गिल्बर्ट लुइस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१६ सालीं ही कल्पना मांडली. दोन अणु प्रत्येकीं एक इलेक्ट्रॉन पुढें करतात आणि ती जोडी दोघांचीही होते. बांधावरील सामाईक विहीर दोन्ही शेतकरी आपल्या हिशेबांत धरतात, तसेंच हें. या जोडणीला मराठींत सहसंयुज बंध म्हणतात.

पण अशा जोडीनें अणु एकत्र कां राहावेत? हायड्रोजनचे दोन अणु घ्या. त्यांचीं केंद्रकें एकमेकांना दूर लोटतात. उलट त्यांच्यामध्यें वावरणारे दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांना आपल्याकडे ओढतात. ही ओढ व तो लोट जेथें समतोल होतात, तेथें अणु स्थिरावतात. हें अंतर इतकें अल्प आहे कीं, एका मिलिमीटरच्या लांबींत तशीं सुमारें एक कोटी पस्तीस लक्ष अंतरें मावतील. १९२७ सालीं हाइटलर व लंडन या दोन शास्त्रज्ञांनीं नव्या पुंजयामिकीच्या साहाय्यानें या ओढीचें गणितच मांडून दाखविलें.

आतां नांवांकडे वळूं. दोन अधातूंच्या संयुगांत ज्याची इलेक्ट्रॉनांवरील ओढ कमी, त्याचें नांव बहुधा आधीं घेतात. दुसऱ्याच्या नांवाला ‘आइड’ हा प्रत्यय लावतात. अणूंची संख्या ग्रीक उपसर्गांनीं सांगतात. हे उपसर्ग आपणांस परके वाटूं नयेत. डाय म्हणजे आपलें द्वि, ट्राय म्हणजे त्रि, पेंटा म्हणजे पंच, ऑक्टा म्हणजे अष्ट. एकासाठीं मोनो असतो, पण पहिल्या नांवापूर्वीं तो लावीत नाहींत. पाणी व अमोनिया यांनीं मात्र आपलीं जुनीं नांवें टिकविलीं आहेत.

ही मोजदाद निरर्थक नव्हे. डायनायट्रोजन मोनॉक्साइड हा शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देण्यासाठीं वापरला जाणारा हास्यवायु होय. नायट्रोजन डायॉक्साइड हा फुप्फुसांना जाळणारा तपकिरी वायु. ‘डाय’ची जागा बदलली आणि पदार्थच बदलला.

आपल्या पहिल्या जोडीचेंही तसेंच. कार्बन डायॉक्साइडमध्यें कार्बनचे चारही इलेक्ट्रॉन दोन ऑक्सिजन अणूंशीं भागीदारींत गुंततात. मोनॉक्साइडमध्यें ऑक्सिजनचा अणु एकच. तेथें तीन जोड्या सामाईक होतात व कार्बनपाशीं एक जोडी मोकळी राहते. या मोकळ्या जोडीनेंच तो रक्तांतील हीमोग्लोबिनच्या लोहाला धरतो, आणि तेंही ऑक्सिजनच्या दोनशेंहून अधिक पट घट्टपणें. मग श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूला मुकतें. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. डोळे व नाक येथें सावध करीत नाहींत.

म्हणून शेगडी पेटवितांना किंवा न्हाणीघरांत गॅसवरील बंब लावतांना खिडकी उघडी असावी. ज्वाळेला भरपूर हवा मिळाली म्हणजे कार्बनच्या प्रत्येक अणूला त्याचा दुसरा भागीदार मिळण्याची तरतूद होते. एवढें जरी या नांवांनीं आपल्या लक्षांत राहिलें, तरी तीं शिकण्याचे श्रम सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.