कुत्र्याचं दुखणं ओळखताना

कुत्र्याचं आजारपण बहुधा आधी दिसतं ते त्याच्या भांड्यात. एरवी ते चाटूनपुसून लख्ख करणारा कुत्रा सलग दोन वेळा अन्नाला तोंड लावत नसेल, तर त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा रंग धरते. फिकट हिरड्या, ताप, कधी नाकातून रक्त, ही लक्षणं गोचीडतापाकडे बोट दाखवतात. गोचिडी कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत शोधाव्यात. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत मात्र भरवशाची नाही. गुदद्वारात लावलेला थर्मामीटरच खरं सांगतो. 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान.

लस न घेतलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले, तर पार्व्हो या आजाराचा संशय घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरातलं पॅरासिटामॉल देऊ नये. त्यानं यकृत आणि रक्तपेशींना इजा होते.

दुर्ग जिल्ह्यातल्या कुम्हारी परिसरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. जोराची धाप, चिकट लाळ, अडखळती चाल हा उष्माघात. कुत्र्याला सावलीत न्यावं, अंग साध्या पाण्यानं भिजवून पंखा लावावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

स्वभाव अचानक बदलला, जबडा लोंबू लागला, तर तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो. मदत लागली, तर याच दुर्ग जिल्ह्यात अंजोरा इथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.