उरलेलं दार

आमचं जुनं घर पाडलं. विटा, पत्रे विकले. उरलं दोन झडपांचं सागवानी दार. धाकटा भाऊ म्हणाला, "भाई, एकेक झडप घेऊ." वाटणीपायी आमचं बोलणं तुटलेलंच होतं.

सुतारानं लोहचुंबक फिरवून लाकडात मोडलेले खिळे शोधले. एखादा राहिला, तर रंध्याचं पातं जातं. मग म्हणाला, "पन्नास पावसाळे खाल्लेला साग आहे, आता पीळ घेणार नाही. वेगळ्या केल्यात तर दोन अरुंद बाकडी, जोडल्यात तर एक टेबल."

टेबल केलं. कडीचं भोक मी बुजवू दिलं नाही. अब्बांना उशीर झाला की अम्मी तीच कडी काढायची.

आता ईदला भाऊ येतो, त्या भोकावरून बोट फिरवतो आणि चहा मागतो.