धंदेशिक्षण आणि आपलीं मुलें
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



 उत्सव करावा, देवाचे उपकार आठवावे, हें योग्यच होय. परंतु जुन्या करारांतील ज्युबिलीच्या वर्षीं कर्जापायीं दास झालेल्याची सुटका होत असे आणि गमावलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळास परत मिळत असे, हें आपण विसरतां कामा नये. ज्याच्या हातून उपजीविकेचें साधन गेलें, त्यास तें पुन्हां मिळावें, हा त्या वर्षाचा हेतु होता. म्हणून आज मी आपल्या मुलांच्या धंदेशिक्षणाविषयीं बोलणार आहें.

आपण सोलापूरकर. येथें १८७७ सालीं शेठ मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें जी गिरणी निघाली, ती पुढें ‘जुनी गिरणी’ या नांवानें प्रसिद्ध झाली. मागाहून इतर गिरण्या निघाल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर उगवूं-मावळूं लागला. पुढें त्यांतील अनेक एकामागून एक बंद पडल्या.

माझे वडील अशाच एका गिरणींत विणाईखात्यांत होते. त्यांना धंदा कोणत्याहि शाळेनें शिकविला नव्हता. दुसऱ्या कामगाराच्या हाताखालीं उभें राहून, बदलीचे दिवस भरतां भरतां, ते साचा चालवावयास शिकले. काम उत्तम करीत. परंतु ठाऊक होतें तें एकच यंत्र. गिरणीस कुलूप लागलें तेव्हां त्यांचें वय पंचेचाळीस होतें. हातांत कसब होतें, पण त्या एका दारापलीकडे त्यास किंमत नव्हती. मी त्या वेळीं आय. टी. आय. मध्यें फिटरचें काम शिकत होतों. एका संध्याकाळीं त्यांनीं माझा व्हर्निअर कॅलिपर हातीं घेतला, बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि एवढेंच म्हणाले, “बाळ, हें वाचावयास मला कोणी शिकविलें असतें तर!”

बंधुभगिनींनो, माझें सर्व व्याख्यान त्या एका वाक्यांत आहे. यंत्र चालवितां येणें हा धंदेशिक्षणाचा अर्धा भाग. त्यामागील माप, गणित, रेखाचित्र आणि कारण समजणें हा उरलेला अर्धा. जो केवळ कृति शिकला, तो यंत्राबरोबर जुना होतो. जो कारणहि शिकला, तो नव्या यंत्रापुढें पुन्हां विद्यार्थी होऊं शकतो. आपल्या चादरीचेंच उदाहरण घ्या. जॅकार्ड मागावर ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे, हें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ठरविते. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्यें तोच हुकूम संगणकांतून येतो. साधन बदललें, तत्त्व तेंच राहिलें. तें तत्त्व जाणणाऱ्या विणकराच्या मुलीस संगणकावर नक्षी काढणें परकें वाटणार नाहीं.

आतां मार्ग सांगतों. भारत सरकारनें १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, आय. टी. आय. मधील शिक्षण तिच्याच अन्वयें चालतें. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एका वर्षाचा. येथील शासकीय तंत्रनिकेतन १९५६ पासून आहे. तेथील पदविका दहावीनंतर तीन वर्षांची. आय. टी. आय. म्हणजे शिक्षणाचा शेवट, असा पुष्कळ पालकांचा समज आहे. तो खरा नव्हे. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पदविकेच्या दुसऱ्या वर्षास, आणि पदविकाधारक अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मागूं शकतो. गरिबाच्या मुलानें हत्यार धरावें आणि श्रीमंताच्या मुलानें लेखणी, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी करूं नये. मुलींसहि शिवणकामापुरतेंच बांधून ठेवूं नये.

मात्र प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं स्वतः जाऊन कार्यशाळा पाहावी. यंत्रें चालू आहेत काय? एका यंत्रापाठीं विद्यार्थी किती? मागील वर्षीं उत्तीर्ण झालेलीं मुलें आज कोठें कामास आहेत? या तीन प्रश्नांचीं उत्तरें नीट न मिळाल्यास फी भरूं नये. सुंदर छापलेल्या प्रमाणपत्रानें चूल पेटत नाहीं.

दुसरी गोष्ट उमेदवारीची. मी उमेदवार होतों तेव्हां एका कारखान्यांत पहिले तीन महिने चहा आणला आणि फरशी झाडली. हत्यारास हात लावूं दिला गेला नाहीं. पुढें मला कळलें कीं, हें दुखणें जुनें आहे. संत जॉन बॉस्को यांनीं तुरीन शहरांत १८५२ सालीं एका सुताराशीं आपल्या एका मुलाविषयीं लेखी करार केला. मुलास धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत, चूक झाल्यास शब्दानेंच सुधारावी, सणाच्या दिवशीं त्यास मोकळें सोडावें, अशा त्यांतील अटी होत्या. आपल्या देशांत शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालीं झाला. करार आणि विद्यावेतन त्यांत सांगितलें आहे. मुलास उमेदवारीस पाठवितांना तो करार घरीं वाचून पाहा. लाज बाळगूं नका.

शेवटीं एक आठवण देतों. मुंबईंत व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या स्मरणार्थ १८८७ सालीं एक तंत्रशाळा स्थापन झाली. तीच आज वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें चालते. त्या ज्युबिलीचे दिवे केव्हांच विझले, शाळा राहिली. आपलें सामर्थ्य अल्प आहे, हें मी जाणतों. परंतु आपल्यांत निवृत्त फिटर आहेत, वीजकाम जाणणारे आहेत, परिचारिका आहेत. रविवारीं मिस्सानंतर दोन तास त्यांनीं आठवी ते दहावीच्या मुलामुलींस माप घेणें, रेखाचित्र वाचणें आणि धंद्यांची खरी माहिती देणें, एवढें झालें तरी या महोत्सवाचें सार्थक होईल. ज्यांना आय. टी. आय. मध्यें प्रवेश मिळेल, त्यांना हत्यारांची एक पेटी धर्मग्रामानें द्यावी. आपल्या प्रभूनेंहि नाझरेथांत सुताराच्या घरीं काम केलें. त्याच्या लेकरांस हत्याराची लाज नसावी.

वडिलांनीं हातीं घेतलेला तो कॅलिपर आजहि माझ्याजवळ आहे. रविवारचा वर्ग सुरू होईल त्या दिवशीं तो घेऊन मी येईन आणि ज्यास वाचतां येणार नाहीं, त्यास प्रथम शिकवीन. देव आपल्या हातांच्या कामास यश देवो.